मुंबईची सहल बसच्या खिडकीतून नको: सोलापूरच्या मुख्याध्यापकांना आणि सहल समित्यांना खुले पत्र

प्रति,
मुख्याध्यापक व सहल समितीचे सदस्य,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळा

सन्माननीय गुरुजन,

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या फलकावर सहलीची सूचना लागते आणि तिच्यात ‘मुंबई दर्शन’ बहुतेक वेळा असतेच. त्याचा साचाही ठरलेला आहे. रात्री जेवून बस निघते, वाशीची खाडी येते तेव्हा मुले पेंगत असतात. मग गेटवे, म्हातारीचा बूट, जुहू. उतरा, फोटो काढा, हजेरी द्या, चढा. सिग्नलला आणि पार्किंग शोधण्यात किती तास गेले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दक्षिण मुंबईत पन्नास आसनांची बस उभी करायला जागा मिळणे मुश्कील. ड्रायव्हर मुलांना उतरवून लांब कुठेतरी गाडी लावतो, आणि त्याला परत बोलावले की तो येईपर्यंत सगळी शाळा फुटपाथवर ताटकळते.

आमची मागणी साधी आहे. आठवीच्या पुढच्या मुलांना मुंबई पायी, लोकलने, बेस्टच्या शहर बसने आणि मेट्रोने दाखवा. सोलापूरच्या माणसाचे मुंबईत कधी ना कधी काम पडतेच. कुणाला परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागते, कुणाला मंत्रालयात, कुणाला भरतीच्या परीक्षेला. दादरला उतरल्यावर पूर्वेला जायचे की पश्चिमेला हे माहीत नसले की माणूस पहिल्या टॅक्सीवाल्याच्या स्वाधीन होतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हे शहर हाताळायला शिकलेला मुलगा पुढे कुणाच्या स्वाधीन होत नाही. सहलीतून यापेक्षा जास्त काय मिळवायचे?

हे बेभरवशाचे वाटेल, पण नीट आखले तर बसपेक्षा सोपे जाते. कसे, ते खाली लिहितो.

सोलापुरातून निघायला सिद्धेश्वर एक्सप्रेसच घ्यावी. रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते आणि सकाळी सातच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी) पोचते. वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून आहे, गाडी उत्तम आहे, पण ती मुंबईला पोचते दुपारी साडेबाराच्या सुमारास आणि संध्याकाळी चारनंतर लगेच परत निघते. एका दिवसाच्या सहलीला ती कुचकामी. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. एका आरक्षण अर्जावर सहाच प्रवासी बसतात, म्हणून चाळीस मुलांचा गट असेल तर स्टेशनवर आधी जाऊन गट आरक्षणाची परवानगी घ्या आणि शैक्षणिक सहलीच्या सवलतीसाठी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला जोडा. हे काम आदल्या आठवड्यावर ढकलले की निम्मी मुले वेटिंगवर लटकतात आणि मग पुन्हा खासगी बसचा विषय निघतो.

दादरला उतरू नका. सिद्धेश्वर तिथे थांबते, पण थोडाच वेळ. चाळीस मुले आणि त्यांच्या पिशव्या त्यात उतरत नाहीत. शेवटपर्यंत बसा. सीएसएमटीला गाडी संपते, घाई नसते. सामान क्लोक रूममध्ये ठेवायचे तर प्रत्येक पिशवीला कुलूप लागते. बिनकुलपाची पिशवी घेत नाहीत. घरून निघतानाच छोटे कुलूप लावायला सांगा. दात घासणे, तोंड धुणे, स्वच्छतागृह हे सगळे इथेच उरका, कारण पुढची भरवशाची जागा थेट वस्तुसंग्रहालयात आहे. मुलींच्या दृष्टीने हा मुद्दा सहलीच्या आखणीत सर्वांत वर असायला हवा आणि बहुतेक पत्रकांत तो नसतोच. न्याहारीला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बरोबर असली की बरे. टिकते, सांडत नाही, आणि स्टेशनवरच्या वडापावच्या रांगेत अर्धा तास जात नाही.

आता लोकल. शिक्षक सर्वांत जास्त घाबरतात ते हिलाच, आणि घाबरावे असे तिच्यात एकच आहे: मधल्या स्थानकावर ती जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. बाकी सगळे या एका गोष्टीभोवती आखावे.

पहिले म्हणजे दिशा. सकाळी आठ ते अकरा मुंबई दक्षिणेकडे धावते, म्हणजे सीएसएमटी आणि चर्चगेटकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी पाच ते नऊ हेच उलटे. सोलापूरची मुले सकाळी सीएसएमटीला उतरलेली असतात, म्हणजे त्यांना जायचे असते गर्दीच्या विरुद्ध दिशेला. सकाळी नऊला सीएसएमटीहून भायखळ्याकडे निघालेल्या लोकलमध्ये बसायलाही जागा मिळते, त्याच वेळी समोरच्या फलाटावर आलेल्या गाडीतून माणसांचा लोंढा बाहेर पडत असतो. मुलांना तो पाहू द्या, मात्र भिंतीला लागून उभे राहून. त्या लोंढ्यात आडवे जायचे नाही.

दुसरे म्हणजे इंडिकेटर. सीएसएमटीला १८ फलाट आहेत: १ आणि २ हार्बर मार्गाच्या लोकलचे, ३ ते ७ मुख्य मार्गाच्या लोकलचे, पुढचे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. लोकलच्या इंडिकेटरवर आधी गाडी कुठे जाणार त्याचे अक्षर येते, मग वेळ, मग जलद की धीमी आणि डबे किती. के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, एन म्हणजे कसारा, एस म्हणजे कर्जत. गोंधळ इथेच होतो. वेगाच्या जागीही एस असते आणि तिथे ते स्लोचे असते. म्हणजे ‘एस’ आणि ‘एफ’ एकत्र दिसले तर ती कर्जत जलद. भायखळ्याला आणि दादरला जलद-धीमी दोन्ही थांबतात. मशीद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोडला फक्त धीमी. पहिल्या खेपेला धीमीच घ्या. वेळ दोन-चार मिनिटे जास्त जातो, पण चुकले तर पुढचे स्थानक जवळ असते.

तिसरे म्हणजे तिकीट. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आहे आणि त्यात सीएसएमटीहून दादरपर्यंत जाता येते. तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा, म्हणून सकाळीच दिवसभराची तिकिटे काढून ठेवण्याचा शहाणपणा नको. रेल्वेच्या ‘रेलवन’ ॲपवर काढलेले तिकीट ॲपमध्येच दाखवावे लागते. त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. गटासाठी खिडकीच बरी. पहिल्या वर्गाचा डबा आणि एसी लोकल, दोन्हींत साधे तिकीट चालत नाही. एसी लोकलचे किमान भाडेच ३५ रुपये आहे, आणि दरवाजे आपोआप बंद होतात म्हणून ती सुरक्षित वाटली तरी अर्धा गट आत आणि अर्धा बाहेर राहण्याची भीती तिच्यातच जास्त. पहिल्या वर्गाचा आणि महिलांचा डबा कुठे येणार हे फलाटावरच्या खांबांच्या तिरप्या पट्ट्यांवरून कळते. मुलांना आधी ते ओळखायला लावा.

आता चढणे-उतरणे. चाळीस मुलांचे आठ-आठचे पाच गट करा आणि प्रत्येक गटाला एक मोठे माणूस द्या. सगळे गट एकाच किंवा शेजारच्या डब्यात, पण प्रत्येक गटाला दरवाजा वेगळा. एकाच दरवाजाने चाळीस जण चढवायचा प्रयत्न केला की पंधरा जण खाली राहतात. उतरणारे उतरू द्यायचे, मग चढायचे, आत गेल्यावर दारात न थांबता मधल्या जागेत सरकायचे. पाठीवरची पिशवी पोटावर घ्यायची. उतरायचे स्थानक यायच्या एक स्थानक आधी उठायचे आणि फलाट कोणत्या बाजूला येणार ते आधीच उभ्या असलेल्या प्रवाशाला विचारायचे. मुंबईकर या प्रश्नाला हमखास उत्तर देतो, तेही हनुवटीने.

आणि चुकामूक झाली तर काय करायचे ते निघण्यापूर्वी तोंडपाठ करून घ्या: जो फलाटावर राहिला त्याने जागा सोडायची नाही. पुढची गाडी पकडून मागे यायचे नाही, पुलावर जायचे नाही, जिथे गाडी सुटली तिथेच उभे राहायचे. गटप्रमुख पुढच्या स्थानकावर उतरून उलट्या गाडीने परत येतो. धीमी गाडी असेल तर दहा-पंधरा मिनिटांत भेट होते. दोघेही हलले की तासभर कुणी कुणाला सापडत नाही. मुलांच्या खिशात शाळेचे ओळखपत्र आणि दोन शिक्षकांचे मोबाइल क्रमांक कागदावर लिहिलेले हवेत. बॅटरी संपलेल्या फोनमध्ये क्रमांक असून उपयोग नाही.

मुलींना महिला डब्यात आणि मुलांना जनरलमध्ये बसवावे का, असे पालक विचारतील. शिक्षिका बरोबर असतील तर खुशाल, पण मग दोन डब्यांत फोनवर बोलणे हवे आणि उतरताना दोन्हीकडे एकाच वेळी इशारा पोचायला हवा. गर्दीच्या उलट दिशेला जात असाल तर सगळ्यांनी एकत्र असणेच सोयीचे.

पायी हिंडण्याचा पट्टा मात्र सकाळचाच. फोर्टमधली कार्यालये साडेनऊ-दहाला भरतात. आठ वाजता दादाभाई नवरोजी रस्त्याच्या कमानींखालून चाळीस मुले दोनदोनच्या रांगेत निवांत चालू शकतात. या कमानी म्हणजे इमारतींच्या तळमजल्यातून जाणारी सलग वाट आहे. ऊन नाही, पाऊस नाही, वाहने नाहीत. सीएसएमटीतून बाहेर पडताना रस्ता वरून न ओलांडता भुयारी मार्गाने पलीकडे जा आणि महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने मागे वळून स्टेशनाकडे पाहा. स्टेशनाखाली उभे राहून ते दिसतच नाही. दोन्ही इमारतींचा वास्तुकार एकच, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, स्टेशन १८८७ सालचे, महापालिका १८९३ ची. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, कोण कोणत्या बाजूला हे शोधायला मुलांना लावा. पहिली गाडी याच परिसरातून, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला गेली, पण तेव्हा ही इमारत नव्हती. मार्गदर्शक हे नेहमी एकत्र करून सांगतात.

सरळ एक किलोमीटर चालले की हुतात्मा चौक. इथे आमच्या मुलांना एक गोष्ट स्पष्ट करून सांगायला हवी. सोलापूरचे मूल ‘हुतात्मा’ म्हटले की मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांनाच डोळ्यांपुढे आणते, आणि तेच योग्य आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवड्यात फाशी झाली. मुंबईचा हा चौक मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आहे, आणि शेजारचे फ्लोरा फाउंटन त्याच्याही आधीचे, १८६४ चे. आमच्या चार हुतात्म्यांच्या बरोबर एक महिना आधी, १२ डिसेंबर १९३० रोजी, इथून जवळच काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे बाबू गेनू आडवा झाला. तो गिरणी कामगार होता. गिरण्यांच्या सोलापुरातून आलेल्या मुलांना हे तिथे उभे राहून सांगितले तर इतिहासाच्या पुस्तकातली दोन पाने एकमेकांना चिकटतात.

हुतात्मा चौकातून डावीकडे हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या, तिथून काळा घोडा. वाटेत १७१८ चे सेंट थॉमस चर्च लागते. किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चकडे उघडत होता त्यावरून चर्चगेट नाव पडले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडते. बरोबर त्या वेळेला दारात असा. साडेअकरानंतर इतर शाळांच्या बसगाड्या येतात आणि मग काचेपुढे डोकीच दिसतात. एका भेटीत सगळे दालन पाहायचा अट्टहास करू नका. शिल्पे आणि लघुचित्रे एवढे नीट पाहिले तरी पुष्कळ. तिथून गेटवे दहा मिनिटांवर.

गेटवेला फोटो होतातच, त्यावर लिहिण्याची गरज नाही. घारापुरीला जायचे असेल तर तो वेगळा दिवस धरा: लाँचला जायला साधारण एक तास, यायला एक तास, वर शंभराहून जास्त पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय लाँच हलू देऊ नका. खलाशी ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.

दुपारी साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान चर्चगेट स्टेशनाबाहेर असायला हवे. डबेवाल्यांची वाटणी तिथे होते. लोकलमधून उतरलेले लांबट लाकडी खोके डोक्यावरून येतात, फुटपाथवर डबे मांडले जातात, झाकणावर रंगाने लिहिलेली अक्षरे आणि आकडे वाचून इमारतीप्रमाणे नवे ढीग लागतात आणि काही मिनिटांत जागा रिकामी होते. झाकणावरचा मधला मोठा आकडा कुठल्या भागात डबा जायचा ते सांगतो, कडेची अक्षरे आणि आकडे इमारत, मजला आणि डबा निघाला ते ठिकाण. मुलांना लांबून बघू द्या, वाटेत उभे करू नका. त्या माणसांना एकेक मिनिट मोजून काम करायचे असते आणि सेल्फीसाठी थांबणे त्यांना परवडत नाही. जेवणाचेही असेच: साडेबारा ते दोन फोर्टमधल्या कुठल्याही खानावळीत चाळीस जणांना जागा मिळत नाही. पावणेबाराला किंवा दोननंतर जा.

दुपारसाठी दोन पर्याय आहेत. नेहमीचा म्हणजे मेट्रोने नेहरू सायन्स सेंटर. कफ परेड ते आरे ही तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते; सीएसएमटीखालीच तिचे स्थानक आहे, तिकीट अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. जमिनीखाली मोबाइलचे नेटवर्क दगा देऊ शकते, म्हणून तिकीट वर असतानाच घ्या. भुयारातून बाहेर पडायला चार-पाच वाटा असतात. कोणत्या वाटेने बाहेर पडायचे ते आधी ठरवले नाही तर गट दोन रस्त्यांवर निघतो.

आमची पसंती दुसऱ्या पर्यायाला. सीएसएमटीहून धीमी लोकल घेऊन करी रोडला उतरा आणि लालबाग, परळ पायी हिंडा. हे गिरणगाव. आता उंच काचेचे मनोरे जास्त दिसतात, तरी मधूनच एखादी चिमणी, एखादी बंद गिरणीची दगडी भिंत, एखादी चाळ उभी आहे. सोलापुरातल्या किती घरांत आजोबा ‘जुन्या मिल’मध्ये होते, ती सोलापूरची पहिली गिरणी काढली मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तो याच वस्तीत. पुढे परळला केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय. आमच्या भैय्या चौकातल्या स्मारकाचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शिकले ते इथे. आत गर्दी असते, रुग्ण असतात. मुलांना घेऊन आत जाऊ नका, रस्त्याच्या पलीकडून दाखवा आणि पुढे चला. म्हातारीच्या बुटापेक्षा हे सोलापूरच्या मुलांच्या जास्त जवळचे आहे, हे आमचे ठाम मत.

बेस्टची बस एकदा तरी घ्यायलाच हवी, आणि मराठी मुलांना तिथे थोडा फायदाही आहे: बसच्या तोंडावरचा क्रमांक देवनागरी आकड्यांत असतो. मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे १० रुपये आणि एसी बसचे १२ रुपये आहे. चाळीस जणांना एका बसमध्ये कोंबू नका. दोन-दोन गट मागोमागच्या बसने पाठवा आणि उतरायच्या थांब्याचे नाव आधी पाठ करून घ्या. बस कुठपर्यंत आली ते ‘चलो’ ॲपवर दिसते. गर्दीच्या वेळी बस चालण्यापेक्षाही हळू जाते, तेव्हा दोन किलोमीटरच्या आतले अंतर पायीच बरे.

आता समुद्र. आपल्याकडे भरती-ओहोटी नाही, म्हणून सहलीची वेळ ठरवताना ती कुणाच्या लक्षातच येत नाही. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. तिथे पोचून मुले काठावर तासभर बसून राहिलेली सहल दर हिवाळ्यात दिसते. हे टाळायला कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला ३ ने गुणा आणि ४ ने भागा, जे उत्तर येईल त्या वाजता भरती. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचे. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. दिवसा एकदा, रात्री एकदा. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या सुमारास आणि तीच सर्वांत मोठी, उधाणाची. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे दुपारी बारा-एकला हाजी अली करायचे तर अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडा, पौर्णिमेचा मुळीच नको. दाते पंचांग सोलापूरचेच. शाळेच्या कार्यालयात असतेच. त्यावरून तारीख काढा आणि निघण्याच्या आधी त्या दिवसाचे भरतीचे छापील वेळापत्रक पाहून घ्या, कारण या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

संध्याकाळ मरीन ड्राइव्हची. नरिमन पॉइंटच्या टोकापासून गिरगाव चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, रमतगमत सव्वा तास. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, सोलापूरपेक्षा दहाएक मिनिटे उशिरा, म्हणून पाचला सुरुवात करा. उत्तरेकडे चाला, म्हणजे समुद्र डाव्या हाताला राहतो आणि रस्ता ओलांडायचा प्रश्न शेवटी एकदाच येतो. कठड्यापलीकडे टाकलेल्या चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर एकाही मुलाने उतरता कामा नये. शेवाळ असते, मधल्या फटी खोल असतात आणि अडकलेला पाय काढायला अग्निशमन दल बोलवावे लागते. चौपाटीवर वाळूत बसा, भेळ खा, पाण्यात पाय घालणेही नको. पालकांच्या संमतीपत्रात हे स्पष्ट लिहून घ्या.

परत येताना पुन्हा दिशेचा विचार. संध्याकाळी चर्चगेटहून निघणाऱ्या गाड्या तुडुंब, पण चर्नी रोडहून चर्चगेटकडे येणाऱ्या रिकाम्या. त्याहून सोपे म्हणजे गिरगाव मेट्रो स्थानक: मध्ये फक्त काळबादेवी आणि पुढचे सीएसएमटी. दमलेल्या मुलांना हेच द्या. मात्र साडेआठच्या आधी सीएसएमटीला पोचू नका. पाच ते आठ तिथला लोकलकडचा भाग घाईने धावणाऱ्या माणसांचा असतो आणि सामान घेतलेला शाळेचा गट त्यांच्या पायांत येतो.

तारखा निवडताना काही दिवस कटाक्षाने टाळा. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीसाठी लाखोंची गर्दी असते, त्या आठवड्यात रेल्वेचा प्रवासच नको. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉनमुळे दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळी बंद असतात. तसाही तो काळ आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा, मुलांचे लक्ष इकडेच. रविवारी फोर्ट रिकामा आणि चालायला छान, पण दुपारचे जेवण मिळणे अवघड आणि त्याच दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लोकल बंद. कोणत्या मार्गावर, किती ते किती, हे शनिवारी जाहीर होते, ते पाहूनच लोकल ठरवा. सोमवारी घारापुरी आणि तारांगण बंद, बुधवारी राणीबाग आणि तिथले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. उरतात मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. शाळेला सुट्टी द्यावी लागेल, पण सहल ही शाळाच आहे असे आपणच पालकसभेत सांगता.

परतीची सिद्धेश्वर रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास सुटते. नऊला जेवण, साडेनऊला क्लोक रूममधून सामान, दहाला फलाटावर डब्याच्या क्रमांकासमोर गटवार उभे राहणे आणि गाडी लागल्यावर बर्थवर बसवूनच हजेरी घेणे. फलाटावर घेतलेली हजेरी मुले पाण्याच्या बाटलीसाठी पांगली की फुकट जाते. सकाळी सोलापूरला उतरल्यावर पालक न्यायला येईपर्यंत एकाही मुलाला रिक्षाने एकटे सोडू नका.

शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या परवानगीच्या अर्जाला हा सगळा कार्यक्रम वेळेसह जोडावा, गटप्रमुखांची नावे आणि चुकामुकीचा नियम त्यात असावा. डिसेंबरची सहल असेल तर आरक्षणाची खिडकी ऑक्टोबरातच उघडते, म्हणजे सहल समितीची बैठक सहामाही परीक्षेच्या आधीच घ्यायला हवी. यंदा पहिल्यांदाच करणार असाल तर एकाच तुकडीने सुरुवात करा आणि गटप्रमुख होणाऱ्या शिक्षकांपैकी दोघांनी आधी एकदा सीएसएमटी ते करी रोड आणि गिरगाव ते सीएसएमटी हा प्रवास स्वतः करून यावा.

आपले,
सोलापूर–मुंबई नेहमी ये-जा करणारे काही सोलापूरकर